चर्चचं जुनं छप्पर बदलताना: ही जबाबदारी पहिल्यांदाच आलेल्यांसाठी

रविवारच्या मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) चौथ्या बाकाशेजारी बादली ठेवायची वेळ आली की धर्मग्रामात, म्हणजे त्या चर्चच्या लोकांत, एकच सूर निघतो: छप्पर बदला. बैठक बोलावली जाते, कोणी ओळखीच्या ठेकेदाराचं नाव सुचवतं, कोणी पत्र्याचा भाव सांगतं आणि तासाभरात आकडा ठरतो. मी दोन चर्चच्या छपरांच्या कामात स्वयंसेवक म्हणून राबलो आहे. पहिल्या वेळी आम्ही नेमकं हेच केलं. सगळी कौलं बदलली, लोकांनी आनंदाने देणग्या दिल्या, आणि पुढच्याच पावसात बादली त्याच जागी परत आली. पाणी कौलांतून येतच नव्हतं. मनोऱ्याची भिंत आणि छपराचं पाखं (उतरती बाजू) जिथे भेटतं, त्या सांध्यातून ते आत शिरत होतं, आणि त्या सांध्याला कोणी हातही लावला नव्हता.

तेव्हा ठेकेदाराला फोन लावायच्या आधी काय काय करायचं, यावर मी इथे जास्त लिहिणार आहे. तेच नीट झालं की पुढचं काम बरंच सोपं जातं.

आधी छप्पर ओळखून घ्या

आपण ज्याला छप्पर म्हणतो ती एक वस्तू नसते. सगळ्यात वर आच्छादन असतं: कौल, स्लेट (दगडाच्या पातळ पाट्या), पत्रा, शिसं किंवा तांबं. त्याखाली रिपा (आडव्या पातळ पट्ट्या), रिपांखाली वासे, वाशांखाली तुळया किंवा कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), आणि सगळ्याचं ओझं शेवटी भिंतीच्या माथ्यावर येतं. शिवाय आढं (छपराचा सगळ्यात वरचा कणा), वळचण (खालची कड), पन्हळी, दोन पाखी आतल्या कोनात मिळतात तिथली खोलगट नाळ, आणि मनोऱ्याशी किंवा त्रिकोणी भिंतीशी असलेले सांधे.

यातला प्रत्येक भाग आपापल्या वेळी म्हातारा होतो. जुन्या स्लेटच्या छपरावर बरेचदा दगड धडधाकट असतो, पण त्याला धरून ठेवणारे खिळे गंजून गेलेले असतात. पाट्या एकेक करून घसरायला लागतात आणि लोक म्हणतात, स्लेट खराब झाली. तीच स्लेट उतरवून, ठोकून आवाज ऐकून, तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या खिळ्यांनी पुन्हा बसवता येते. कौलांचंही तसंच असतं. कौल चांगलं आणि रीप कुजलेली, हे चित्र मी स्वतः पाहिलं आहे. ‘सगळं नवं’ हा निर्णय या तपासणीनंतर घ्यायचा असतो.

पाण्याचा माग काढा

जिथे थेंब पडतो त्याच्या बरोब्बर वर भोक असेल, असं धरून चालू नका. पाणी फटीतून आत येतं, वाशाच्या पोटावरून उताराने सरकत जातं, एखाद्या खिळ्याशी किंवा सांध्याशी अडतं आणि मग खाली सुटतं. मूळ जागा त्या थेंबापासून कितीतरी वर असू शकते.

भर पावसात चर्चभोवती एक फेरी मारा. छत्री घ्या आणि सावकाश चाला. पन्हळ कुठे भरून वाहते, भिंतीवर ओल कुठे उतरते, कुठल्या कोपऱ्यात पाणी नळात न जाता भिंतीवर आपटतं, हे त्या अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं कोरड्या दिवशी दिवसभर घालवूनही कळत नाही. एक हिशेब लक्षात ठेवा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चर्च ३० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असेल, तर एका पाख्याखाली जमिनीवर मोजलेलं क्षेत्र १८० चौरस मीटर होतं. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका बाजूच्या पन्हळीतून ९,००० लिटर पाणी वाहायला हवं. पानांनी अर्धी भरलेली पन्हळ ते नेऊ शकत नाही. मग पाणी मागे, भिंतीच्या माथ्यावर चढतं आणि सगळे कौलाला दोष देतात.

मग आतून बघा. छताच्या वर पोकळी असेल तर जाणकार माणसाला सोबत घेऊन, फळ्या टाकून, फक्त तुळयांवर पाय ठेवत आत जा. छताच्या तक्त्यांवर किंवा गिलाव्यावर पाय देऊ नका, ते माणसाचं वजन पेलत नाहीत. आत गेल्यावर आधी विजेरी बंद करा आणि डोळे सरावू द्या. जिथून उजेडाचे टिपके दिसतात तिथून पाऊसही येऊ शकतो. खडूने त्या जागांवर खुणा करा. नंतर विजेरी लावून लाकडावरचे काळसर ओघळ शोधा आणि ओघळाच्या वरच्या टोकापर्यंत जा.

तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं, ती जागा सगळ्यात आधी कुजते, कारण तिथे ओल कोंडून राहते. बाहेरून तुळई अखंड दिसते, रंगही ठीक असतो. आमच्या दुसऱ्या चर्चमध्ये इंजिनिअरबाईंनी अशाच एका टोकाला साधा स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तळहाताने हलकेच दाबला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. बाहेर काढलं तेव्हा त्याला तपकिरी भुगा चिकटला होता. त्या तुळईखाली दर रविवारी गायकवृंद बसत होता. आम्ही त्याच दिवशी त्या बाजूचे बाक हलवले आणि तुळईला खालून टेकू दिला.

लाकडातला ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. त्याच्या वर आकडा गेला की तिथे लक्ष द्या. वाळवीची मातकट नळी, कीड पडल्याची बारीक भोकं, ताजा पिवळा भुगा, या सगळ्याचे फोटो काढा आणि प्रत्येक फोटोची जागा नकाशावर लिहा.

गळतीची जागा तरीही सापडत नसेल तर नळीने पाणी मारून बघा. यात एक नियम मोडायचा नाही: खालून वर जायचं. आधी वळचणीशी पाणी मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, आत बसलेल्या माणसाला विचारा. मग थोडं वर. सुरुवातीलाच आढ्यावर पाणी ओतलं तर ते सगळ्या सांध्यांवरून वाहतं आणि नेमका कुठला सांधा गळतो ते कळत नाही.

अहवाल कोणाकडून घ्यायचा

ज्याला काम मिळणार आहे त्याच्याकडून अहवाल घेऊ नका. माणूस प्रामाणिक असला तरी नको. जुन्या इमारतींचा अनुभव असलेला वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांना त्यांची फी देऊन बोलवा. समितीत या खर्चावर हमखास कुरकूर होते, पण तो टाळू नका. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९५५ च्या कायद्यापासून प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी अशी तपासणी करायची पद्धत आहे. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी ती पद्धत उचलण्यासारखी आहे.

अहवालात तीन याद्या मागा: ताबडतोब करायचं, दोनेक वर्षांत करायचं, आणि फक्त लक्ष ठेवायचं. पैसा एकदम उभा राहिला नाही तर या याद्याच तुम्हाला वाट दाखवतील. पुष्कळदा एवढंच निघतं की पन्हळी, नाळ आणि सांधे दुरुस्त केले तर आच्छादन आणखी बरीच वर्षं चालेल. तसं निघालं तर ते मनापासून स्वीकारा.

परवानग्या

कॅथलिक चर्च असेल तर चर्चच्या कायदेसंहितेतले काही नियम आधीच वाचून ठेवा. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक परिषद असायलाच हवी, असं कलम ५३७ सांगतं. नेहमीच्या कारभारापलीकडचा व्यवहार करायचा असेल तर आधी धर्माधिकाऱ्यांची (साधारणपणे बिशपांची) लेखी परवानगी लागते, हे कलम १२८१ मध्ये आहे. अख्खं छप्पर बदलणं साधारणपणे त्यातच मोडतं, त्यामुळे फादरांनी तोंडी होकार दिला म्हणून करारावर सही करू नका. आणि कलम १२६७ प्रमाणे ज्या कारणासाठी देणगी दिली गेली त्याच कारणासाठी ती वापरावी लागते. म्हणून पावतीवर ‘छप्पर आणि त्यासंबंधीची दुरुस्ती’ असं लिहा. नुसतं ‘नवी कौलं’ लिहिलं आणि पैसा भिंतीच्या माथ्यावर खर्च करायची वेळ आली तर पेच पडतो. इतर पंथांच्या चर्चना आपापल्या मंडळाचे नियम असतात, ते तिथे विचारा.

इमारत वारसा यादीत आहे का, हेही आधीच पाहा. असेल तर साधं कौल बदलायलाही वेगळी मंजुरी लागू शकते. छपरात वटवाघळं किंवा पक्ष्यांची घरटी असतील तर काही ठिकाणी कायद्याने त्यांना संरक्षण असतं. कायदा नसला तरी पिल्लं उडून जाईपर्यंत थांबावं, असं मला वाटतं.

जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असेल तर थांबा. त्याला भोक पाडू नका, तोडू नका, वरून फेकू नका आणि स्वयंसेवकांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो, आणि तो बहुधा काही दशकांनी उघड होतो. हे काम प्रशिक्षित माणसांनीच, पत्रा ओला करून, अखंड उतरवून करायचं असतं.

काय घालायचं

जे होतं तेच परत घालणं ही सुरक्षित सुरुवात. पण बदलायचं ठरलंच तर त्याचा गंभीर विचार व्हायला हवा, पाप वगैरे काही नाही. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलचं लाकडी छप्पर १८३६ मध्ये जळालं, तेव्हा त्या जागी लोखंडी सांगाडा आणि तांब्याचं आच्छादन आलं, आणि आज ते हिरवट छप्परच त्या कॅथेड्रलची ओळख आहे.

वजनाचा विचार सगळ्यात आधी करा. वरच्या उदाहरणातलं ३० बाय १२ मीटरचं चर्च घ्या. ३० अंशांच्या उतारावर छपराचं क्षेत्र सुमारे ४१५ चौरस मीटर भरतं. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात आणि एक कौल अडीच-तीन किलोचं असतं, म्हणजे नुसत्या कौलांचं वजन साधारण सोळा ते एकोणीस टन. तेवढ्याच जागेवर पातळ पोलादी पत्रा दोन टनांच्या आसपास येतो. पत्रा हलका म्हणून उत्तम, असं लगेच ठरवू नका. तो कौलांचा भार छपराला वाऱ्यात जागच्या जागी धरून ठेवत होता. भार काढलात की वारा छप्पर वर उचलायला बघतो, आणि मग कैच्या भिंतीला नीट जखडाव्या लागतात. उलट, हलकं आच्छादन काढून जड घालायचं असेल तर वासे, कैच्या आणि भिंती ते पेलतील का, याचा हिशेब इंजिनिअरने लेखी द्यायला हवा.

धातू ऊन-थंडीत लांबतो आणि आक्रसतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर १० मीटर लांबीचं पोलाद जवळपास ५ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम ९ आणि शिसं ११ मिलिमीटरपेक्षा जास्त. त्याला हलायला जागा ठेवली नाही तर खिळ्याची भोकं फाटतात किंवा पत्र्याला तडा जातो. तांब्यावरून वाहिलेलं पाणी जस्ताचा मुलामा असलेल्या पन्हळीत सोडू नका, ती लवकर खाऊन जाते. शिसं आणि तांबं चोरीलाही जातं. पत्र्याखाली आवाज शोषणारा थर नसेल तर जोराच्या पावसात प्रवचन ऐकू येणार नाही, आणि पत्र्याच्या पोटाला बाष्प जमून थेंब पडायला लागले की लोक पुन्हा गळतीच समजतील. म्हणून वळचणीतून हवा आत आणि आढ्याशी बाहेर, अशी वाट ठेवा.

उताराबद्दल एवढंच: उतार जितका कमी तितकं एका कौलाने दुसऱ्याला जास्त झाकावं लागतं, आणि प्रत्येक प्रकाराला किमान उतार ठरलेला असतो. तुमच्या उताराला न चालणारं कौल दिसायला कितीही सुंदर असलं तरी नको.

भिंत जुन्या चुन्याची असेल तर माथ्याची आणि सांध्याची दुरुस्तीही चुन्यानेच करा. कडक सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, आणि तीच ओल पुढे तुळईच्या टोकाला पोचते.

पैसा आणि करार

छप्पर उघडल्याशिवाय सगळं नुकसान दिसत नाही. म्हणून अंदाजपत्रकाच्या वर १५ ते २० टक्के रक्कम बाजूला असल्याशिवाय कामाला हात घालू नका. अर्ध्यावर पैसे संपले आणि चर्च उघडं पडलं, याहून वाईट काही नाही. लोकांकडून निधी मागताना ते कुजलेलं टोक, तो पन्हळीचा फोटो दाखवा. कशासाठी पैसा हवा ते डोळ्यांनी दिसलं की लोक हात आखडता घेत नाहीत.

कामाची तपशीलवार यादी एकच तयार करा आणि तीच सगळ्या ठेकेदारांना द्या. प्रत्येकाने आपल्या मनाने दर दिले तर तुलना होत नाही. कोणी परांची धरलेली नसते, कोणी जुना माल हलवायचा खर्च धरलेला नसतो. करारात या गोष्टी हव्यातच: जुनी चांगली कौलं कोणाची, रोज संध्याकाळी उघडा भाग झाकायची जबाबदारी कोणाची, कामगारांचा आणि इमारतीचा विमा कोणाचा, आणि पाच ते दहा टक्के रक्कम काम संपल्यावरही एक पूर्ण पावसाचा हंगाम जाईपर्यंत राखून ठेवली जाईल. चर्चच्या स्वतःच्या विमा कंपनीलाही काम सुरू व्हायच्या आधी लेखी कळवा.

आत काय काय झाकायचं

परमपवित्र संस्कार (मिस्सेत अभिषिक्त झालेली भाकर) आणि मौल्यवान पात्रं आधी दुसरीकडे हलवा. मूर्ती, वेदी आणि रंगीत काचांना फळ्यांचं संरक्षण द्या. ऑर्गन असेल तर तो बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलवूनच झाकून घ्या. जुन्या छपरातली बारीक धूळ एकदा नळ्यांत गेली की ती काढायला छपराइतकाच त्रास होतो. मिस्सा कुठे होणार, लग्नं आणि अंत्यविधी कुठे होणार, हे महिनाभर आधी जाहीर करा. ‘काम चालू असताना खाली मिस्सा होऊ शकेल’ असं कोणी म्हटलं तर ठाम नाही म्हणा.

छप्पर उघडताना

परांची स्वतःच्या पायावर उभी हवी, जुन्या भिंतीवर रेलून नको. उतरवलेली कौलं आढ्यावर किंवा एका कोपऱ्यात रचू देऊ नका, थेट खाली न्या.

दोन्ही पाखी सारख्या गतीने उघडा. वासे दोन्ही बाजूंनी एकमेकांना रेटत उभे असतात आणि भिंतींना बाहेर ढकलत असतात. एकच बाजू पूर्ण मोकळी केली तर तोल बिघडतो, भिंत सरकू शकते. आणि एका दिवसात झाकता येईल एवढंच उघडा. ताडपत्री दगडांनी दाबून ठेवलेली चालत नाही, ती दोऱ्यांनी बांधलेली हवी. हवामानाचा अंदाज रोज सकाळी पाहणारा एक माणूस नेमा.

मग आग. याबाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही. १८२३ च्या जुलैत रोममधलं संत पौलाचं भिंतीबाहेरचं बाजिलिका (मोठं चर्च) जळालं, ते छपरावर शिशाची दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळे. चौदा शतकांहून जास्त काळ उभी असलेली वास्तू एका रात्रीत गेली, आणि नव्या बाजिलिकेचा अभिषेक व्हायला १८५४ साल उजाडलं. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दामचं ओकचं छप्पर जळालं, तेव्हाही तिथे दुरुस्तीचं काम सुरू होतं. ते कॅथेड्रल उघडायला डिसेंबर २०२४ उजाडला. तेव्हा शक्य असेल तर छपरावर वेल्डिंग, बर्नर, ग्राइंडर नकोच. कापायचं ते खाली कापा. टाळता येत नसेल तर रोज लेखी परवाना, शेजारी आग विझवायचं साधन, आणि काम थांबल्यावर निदान एक तास तिथेच बसून पाहणारा माणूस. ठिणगी भुशात पडली तर धूर यायला वेळ लागतो, आणि तोवर सगळे घरी गेलेले असतात. छपरावर विडी-सिगारेट अजिबात नाही.

उघडलेल्या प्रत्येक टप्प्याचे फोटो घ्या. नवा थर चढला की खालचं काही दिसत नाही, आणि पुढच्या पिढीला तेच फोटो उपयोगी पडतात. जुन्या तुळयांवर सुतारांच्या खुणा किंवा साल कोरलेलं सापडलं तर ते लाकूड फेकायच्या आधी वास्तुविशारदांना दाखवा. आणि वीजवाहकाची (आकाशातली वीज जमिनीत नेणारी) तार कामात तोडली गेली असेल तर ती परत जोडून तपासून घ्या. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

परांची उतरायच्या आधी

परांची असतानाच स्वतः वर जाऊन बघा, किंवा वर जाऊ शकणाऱ्या विश्वासू माणसाला पाठवा. सांध्यांवर, नाळेत, मनोऱ्याच्या कडेला पुन्हा नळीने पाणी मारा, पुन्हा खालून वर, आत एक माणूस बसवून. पन्हळीत बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे साचून राहतं का पाहा. राहिलेले खिळे, तुटके तुकडे, सिमेंटची ढेकळं पन्हळीतून काढून घ्या. परांची उतरल्यावर या दहा मिनिटांच्या कामासाठी पुन्हा मोठा खर्च येतो.

शंभर-दोनशे जादा कौलं घेऊन कोरड्या जागी रचून ठेवा, कारण त्याच मापाचं कौल दहा वर्षांनी मिळेलच असं नाही. अहवाल, नकाशे, फोटो, हमीपत्रं आणि ठेकेदाराचा पत्ता असलेली एक फाइल कार्यालयात आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि पन्हळी साफ करायची जबाबदारी वर्षातून दोनदा, पानगळीनंतर आणि पावसाच्या आधी, नाव घालून कोणावर तरी सोपवा. आमच्याकडे हे काम दोन तरुण मुलांनी मागून घेतलं. पन्हळीतून काढलेल्या पानांचं पोतं भरलं की ते मला फोटो पाठवतात, आणि मी तो त्याच फाइलमध्ये लावतो.